पावसाळ्यात गोव्याला मेटल ऐकायला गेलो, जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं

आधी कामाचं सांगतो. गोव्यात ओला-उबर चालत नाही, खासगी बशी रात्री आठ-नऊनंतर गायब होतात आणि मेटलचा (हेवी मेटल, म्हणजे जड गिटारवाला रॉक) गिग, म्हणजे लाइव्ह शो, संपतो तो त्याच्यानंतर. त्यामुळं पबपासून चालत जाता येईल अशी खोली आधी बघा, तिकीट मग काढा. पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात, डिसेंबरात त्याच खोलीचा भाव ऐकून घाम फुटतो.

निमित्त ऑझीचं, म्हणजे ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्नचं. 5 जुलै 2025ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचा शेवटचा शो झाला, ऑझी सिंहासनावर बसून गायला, आणि 22 जुलैला गेलाच माणूस. मग ऑगस्टमध्ये फोंड्याच्या मावसभावाचा मेसेज आला, पणजीत लोकल बँड मिळून सॅबथची गाणी वाजवणारेत, येताय काय रे. येताय काय म्हणजे काय राव, आम्ही कोल्हापूरची काळ्या टी-शर्टवाली गँग, असलं विचारायचं असतंय होय!

रस्ता नेहमीचाच, निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी-बांदा. आंबोलीत धुकं एवढं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरूनच घाट उतरायचा, तेव्हा उजेडात उतरेल असं निघा. मुंबईवाल्यांना कोकण रेल्वे बरी, पणजीसाठी करमळी आणि म्हापसा साईडला जायचं असेल तर थिवी. मडगावला उतरलात तर परत वर यायला लागतंय. गोव्यात भाड्यानं बाईक घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची गाडी स्वस्तात मिळते पण नाक्यावर अडवली की ट्रिपचं बजेट तिथंच संपलं.

आता पावसाळाच का. लाऊडस्पीकरच्या नियमानं रात्री 10 नंतर उघड्यावर आवाज बंद, ठरावीक दिवसांची सूट सोडली तर. सीझनमध्ये ओपन एअरला गेलात की मेन बँडला तासभर मिळतो आणि तोही घड्याळाकडं बघत. पावसात सगळं आत, बंद हॉलमध्ये, तिथं हा नियम तसा लागू होत नाही. शिवाय टुरिस्ट कमी, म्हणजे जो येतो तो ऐकायलाच येतो, मागं उभा राहून 'भाई कुछ बॉलिवूड बजाओ' म्हणणारं कोण नसतंय.

पब छोटाच, शंभर-दीडशे माणसात गच्च. स्टेज म्हणजे गुडघ्याएवढा ओटा. मी मोठ्या मैदानांवरचे शो पण बघितलेत, तिथं बँड मुंगीएवढा दिसतो आणि आपण स्क्रीन बघून येतो. इथं गिटारवाल्याची बोटं दिसत होती. आणि सॅबथमध्ये बोटांनाच तर महत्त्व आहे, त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, गडी डावखुरा म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि 1971च्या तिसऱ्या अल्बमवर तारा दीड सूर खाली उतरवल्या. आज जो जड, चिखलातनं ओढल्यासारखा आवाज आपण मेटल म्हणून ऐकतो त्यात त्या ढिल्या तारांचा मोठा वाटा आहे. इथल्या पोरानंही तसंच खाली ट्यून केलेलं, पहिला रिफ (गिटारची परत परत येणारी धून) वाजला तो कानाच्या आधी बरगडीला लागला, नाद खुळा!

ड्रमर मडगाव साईडचा, लग्नाच्या बँडमध्ये पण वाजवतो म्हणाला. गोव्यात हे नवीन नाही, पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन, म्हणजे सूर लिहायची-वाचायची लिपी, शिकवायचे, त्यातनंच पुढं हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोंयकार भरले. पण माझ्या मते मेटलला खरा जवळचा आहे तो घुमट, म्हणजे गोव्याचं तालवाद्य. मावशीकडं चतुर्थीच्या आरत्यांची तालीम चालू होती, मावसभाऊ घुमट वाजवतो, सोबत शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कांसाळं (झांजा). घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, पूर्वी घोरपडीचं असायचं, त्याला बंदी आल्यापासून बकऱ्याचं. लय वाढत वाढत जाते आणि शेवटी सगळे घामानं निथळत एकाच ठोक्यावर थांबतात. मावशी म्हणाली, "तुमच्या त्या केसवाल्यांपेक्षा आमचे बरे, निदान देवाचं नाव तरी घेतात." यावर काय बोलणार.

आवाजाचं मात्र सिरियसली घ्या. कानाला 85 डेसिबल आठ तास चालतं, त्यापुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. छोट्या खोलीतला गिग सहज शंभरच्या वर जातो. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात ते चालतात, फक्त झांजा मुक्या होतात. नेहमी जाणार असाल तर म्युझिशियन लोक वापरतात ते इयरप्लग घ्या, त्यात सगळे सूर सारखे कमी होतात. उभं राहायचं ते साऊंडवाल्याच्या टेबलापाशी, तो स्वतःला ऐकू येतंय तसं मिक्स करतो. अगदी गिटारच्या ॲम्पसमोर, म्हणजे तिच्या स्पीकरसमोर, राहिलात तर रात्रभर तेवढी एक गिटारच ऐकाल आणि गायक गातोय का जांभई देतोय ते कळणार नाही.

मॉश पिट, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धक्के देत नाचायचा घोळका, झाला, छोटासाच. पडलेल्याला लगेच उचलायचं, चष्मा-मोबाईल सापडला तर हात वर करून दाखवायचा, कडेला उभ्या माणसाला जबरदस्तीनं आत ओढायचं नाही. हे सगळं कुणी न सांगता पाळलं जात होतं. फरशी ओली असते, चप्पल घालून जाऊ नका, बूट घाला. टी-शर्ट दोन न्या, ऑगस्टमध्ये पणजीत काळा कपडा वाळत नाही.

नंतर भूक लागते ती वेगळीच. पणजीत गाड्यावर रस ऑम्लेट खा, शाकुतीच्या (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या) रश्श्यात बुडालेलं, वर कांदा आणि सोबत पाव. लिंबू मागून घ्या. दारू प्यायला असाल तर गाडीला हात लावू नका, नाक्यावर मशीन घेऊन उभेच असतात, आणि बाटली घेऊन बीचवर बसायचं पण बंद झालंय, दंड आहे.

बँडचे टी-शर्ट दाराशी विकायला असतात, रोख पैसे ठेवा कारण आत नेटवर्क मिळेलच असं नाही. आणि गिग सुरू व्हायच्या आधीच घ्या, एल आणि एक्सेल पहिल्या गाण्यापर्यंत संपतात, मग उरतो तो स्मॉल.