चाल काढून घेतली तर गाण्यात काय उरतं?

उन्हाळ्यात आमच्याकडं परभणीत सगळे जमले की रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर भेंड्या ठरलेल्याच, पण हल्ली भेंड्यांपेक्षा गाणं ओळखायचा खेळच जास्त रंगायलाय. नियम साधे आहेत. एकानं अंतऱ्यातली एखादी ओळ वाचायची, ती पण बातम्या वाचल्यासारखी सपाट, गुणगुणायचं नाही, ठेका धरायचा नाही आणि मोबाइल सगळ्यांचे खाली घरात. मुखडा वाचला की डाव बाद.

आता चाल गेली, आवाज गेला, हिरो-हिरोईन गेले, तर उरले फक्त शब्द, आणि तिथं खरी गंमत सुरू होते. वरातीत ज्याच्यावर अख्खी गल्ली नाचते अशा एका गाण्याची ओळ वाचली तर कुणालाच पत्ता लागेना, कारण नजर, काळीज, पाखरू, चांदणं हे सगळं सामान त्याच्यात होतं पण ते उचलून दुसऱ्या कुठल्याही गाण्यात ठेवलं तरी चाललं असतं. आणि त्याच रात्री मामी कडेला बसून शेंगा फोडत होती, ती खेळात नव्हतीच, भाच्यानं नुसतं 'उभं आभाळ झेलू' एवढंच वाचलं आणि मामी मान वर न करता म्हणली, "नभ उतरू आलं हाय ते. महानोरांचं." हातातली शेंग सुद्धा थांबली नाही तिची!

ना. धों. महानोर म्हणजे आमच्या मराठवाड्यातले, अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे, स्वतः शेती करणारा माणूस. मामीनं ओळखलेलं गाणं 'जैत रे जैत' ह्या १९७७ च्या सिनेमातलं, नंतर 'सर्जा', त्यातलं पावसानं आबादानी झालेलं रान आणि पाठीवरली चांदणगोंदणी, हे शब्द एकदा कानात गेले की परत कुठंही भेटू द्या, ओळखू येणारच. हृदयनाथांच्या चाली मोठ्याच आहेत, त्यात वाद नाही, पण चाल बाजूला ठेवली तरी ती ओळ आपल्या पायावर उभी राहते, आणि माझ्या मते गाण्याची खरी परीक्षा हीच.

जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. 'झिंगाट'मधली कुठलीही ओळ कितीही सपाट वाचा, पाचवीतलं पोरगं ओरडून सांगतं, कारण अजय-अतुलनं त्यात पोरांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी उचललीय.

ह्या खेळात तात्यांनी एक नियम घातलाय तो मला लई आवडतो. नुसतं गाणं सांगितलं तर अर्धा गुण, गीतकार सांगितला तर पूर्ण. तात्या आकाशवाणीवर वाढलेले, तिथं निवेदक सिनेमा, गायक, संगीतकार आणि गीतकार अशी सगळी नावं घेतल्याशिवाय पुढं जायचा नाही, त्यामुळं त्यांना सगळं पाठ. आणि आपण? ॲपवर गाणं लागतं, गायकाचं नाव दिसतं, गीतकार शोधायला दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं.

सिनेमाच्या बातम्यांत पण तेच चाललंय. मी रोज वाचतो, आवडीनं वाचतो. 'सैराट'च्या वेळी लॉस एंजेलिसला वाद्यवृंद रेकॉर्ड झाला ते वाचून ऊर भरून आला होता, आपल्या बाभळगावच्या रितेश देशमुखनं 'वेड' केला तेव्हा सुद्धा लातूर-नांदेडपर्यंत सगळे रोजचे आकडे विचारत होते. जुलै २०२५ मध्ये हिंदी 'सैयारा' आणि मराठी 'येरे येरे पैसा ३' एकाच शुक्रवारी आले आणि मराठीचे शो कमी केले म्हणून जो वाद पेटला तो पण वाचला, आणि ते बरोबरच होतं, आपल्याच राज्यात मराठी सिनेमाला स्क्रीनसाठी भांडावं लागतं ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही. पण ह्या सगळ्या बातम्यांत किती कोटी, किती स्क्रीन, कुणाचा लूक हे सगळं येतं, गाणं कुणी लिहिलं हे फार क्वचित येतं.

२०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला तेव्हा जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी किती तळमळीनं बोलले होते. त्याच्या आधी गाणं लिहून दिलं, एकदा पैसे घेतले, की बहुतेक वेळा संपला विषय. आता सिनेमाबाहेर गाणं वाजलं तर त्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा हिस्सा करारात सही घेऊन सुद्धा काढून घेता येत नाही. एवढी मोठी गोष्ट, पण गाणी तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना ही माहीत आहे?

म्हणून ह्या मे महिन्यात तात्यांचा नियम आम्ही अजून कडक करायलोत, गीतकार नाही सांगितला तर अर्धा गुण पण नाही. आता तुम्हाला एक घालतो, सोपं आहे: 'तरी कसे फुलतात गुलाब हे ताजे.' मुखडा सांगा, सिनेमा सांगा, आणि लिहिलं कुणी ते पहिलं सांगा. गुगल करायचं नाही बरं का.