कॉलिन्सच्या ६२८ धावांचं मैदान आणि मेनिन गेटवरचं नाव: ब्रिस्टल ते ईपर

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा ए. ई. जे. कॉलिन्स हे नाव आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. ११६ वर्षं टिकलेला विक्रम त्याचा होता, नाबाद ६२८. तेरा वर्षांच्या ज्या पोराने तो केला तो पुढे २९व्या वर्षी पहिल्या महायुद्धात मारला गेला, हे मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत राहून गेलं. त्याच्या मागावर जायचं तर आधी त्याच्या शाळेचं ब्रिस्टल आणि मग बेल्जियममधलं ईपर, जिथल्या मेनिन गेट या युद्धस्मारकाच्या भिंतीवर त्याचं नाव आहे, हाच क्रम ठेवा. मैदान पाहिलेलं असलं की भिंतीवरचं नाव वेगळं वाचलं जातं.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा आणि बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा असे दोन लागतात. एकावर दुसरीकडे जाता येत नाही. बेल्जियमहून पुन्हा लंडनला येऊन विमान पकडण्यापेक्षा परतीचं तिकीट ब्रसेल्सहूनच काढा. एक फेरा वाचतो.

लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टल टेंपल मीड्स साधारण पावणेदोन तास. तिथे सेव्हर्न बीचची लोकल पकडून क्लिफ्टन डाउनला उतरा. पुढे कॉलिन्सचं क्लिफ्टन कॉलेज चालत पंधरा मिनिटांच्या आत. नाव कॉलेज असलं तरी ही शाळा आहे आणि आवार खासगी आहे. नुसतं फाटकाशी जाऊन विचारलं तर बहुधा नकारच मिळेल. काही आठवडे आधी शाळेला लिहून, कशासाठी यायचंय ते सांगून परवानगी मागा. ती नाही मिळाली तरी कॉलेज रोडवरून ‘द क्लोज’ हे मोठं मैदान दिसतं. ती खेळी मात्र तिथली नाही, आणि बरेच जण इथेच चुकतात. त्याचा सामना गथ्री रोडलगतच्या लहान तुकड्यावर झाला. आज त्याला ‘कॉलिन्सेस पीस’ म्हणतात. जुन्या प्राणिसंग्रहालयाची खूण धरून गथ्री रोडवर या.

ही जागा बघितल्याशिवाय धावफलकाचा अर्थ लागत नाही. एका बाजूला हद्द इतकी जवळ होती की तिकडच्या फटक्याला दोनच धावा ठरवलेल्या होत्या. दुसऱ्या बाजूला उतार, आणि तिकडे गेलेल्या चेंडूवर सगळ्या धावा पळूनच काढायच्या. आता त्याच्या धावा बघा: १ षटकार, ४ पंचके, ३१ चौके, ३३ तिहेरी, १४६ दुहेरी, ८७ एकेरी. बेरीज बरोबर ६२८ येते. दोन-दोनच्या त्या १४६ फटक्यांत ते मैदानच उतरलंय. सामना शाळेच्या वसतिगृहांमधला, क्लार्क्स हाउस विरुद्ध नॉर्थ टाउन. २२ जून १८९९ ला सुरू झाला आणि त्याची खेळी चार दुपारी मिळून ६ तास ५० मिनिटं चालली. पहिल्या दिवसअखेर २००, दुसऱ्या दिवसअखेर ५०९, म्हणजे इंग्लिश फलंदाज स्टॉडर्टचा ४८५ चा आधीचा विक्रम तेव्हाच मागे पडला होता. झेल अनेकदा सुटले, हेही खरं. शेवटचा गडी रेडफर्न १३ धावांवर बाद झाला तेव्हा संघाच्या ८३६ झाल्या होत्या. नॉर्थ टाउन ८७ आणि ६१. त्यातले ११ बळी कॉलिन्सचेच.

हा मुलगा जन्मला आपल्याकडे, १८८५ साली हजारीबागला. वडील आयसीएसमध्ये न्यायाधीश होते. क्लिफ्टनला आला तोवर आईवडील दोघंही गेलेले. एवढी मोठी खेळी खेळणारं पोरकं पोर होतं ते. पुढे वूलिचची लष्करी अकादमी, रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअर दलात कमिशन, काही काळ भारतात नोकरी. प्रथम श्रेणीचा एकही सामना त्याच्या नावावर नाही. १९१४ च्या वसंतात लग्न झालं आणि काही महिन्यांत तो फ्रान्सला गेला. शाळेच्या आवारात फील्ड मार्शल हेगचा पुतळा आहे. हेगही इथलाच विद्यार्थी, आणि कॉलिन्स जिथे मारला गेला त्या ईपरच्या लढाईत त्याची तुकडी ज्या कोअरमध्ये होती तिचा सेनापती.

ब्रसेल्सहून ईपरला साधारण दोन तास लागतात, बहुतेकदा कोर्त्रेइकला गाडी बदलून. फलकावर फ्लेमिश नाव ‘ईपर’ असतं, ‘ईप्र’ शोधत बसाल तर गाडी चुकेल. मुक्काम गावातच करा. मेनिन गेटखाली रोज रात्री ८ वाजता ‘लास्ट पोस्ट’ ही बिगुलाची मानवंदनेची धून वाजवतात, आणि त्यानंतर परतीची गाडी धरायची म्हणजे जिवाची घालमेल. जागा हवी तर सव्वासातला उभे राहा. टाळ्या वाजवायच्या नाहीत. ११ नोव्हेंबरची, म्हणजे युद्धबंदी दिनाची आणि कॉलिन्सच्या मृत्यूचीही, तारीख गाठायची असेल तर खोली फार आधी घ्या.

नाव शोधायला मात्र दिवसा या. इथे ५४ हजारांहून अधिक नावं आहेत, सगळी ज्यांची कबर सापडलेली नाही अशांची. आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग आडनाव असा क्रम असतो. म्हणून ९ क्रमांकाचा फलक, रॉयल इंजिनिअर्स, कॅप्टन, आणि मग कॉलिन्स. फलक उंच आहेत. फोनचा झूम किंवा लहानशी दुर्बीण जवळ असू द्या. तटबंदीलगत, दक्षिणेच्या हिरवळीवर भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, तिथेही थांबा.

दुसऱ्या दिवशी सायकल भाड्याने घेऊन पॉलिगॉन वुड या रानात जा. अंतर आठेक किलोमीटर. मेनिन रस्त्यावर वाहनं जोरात असतात, आतले रस्ते घेतलेले बरे. ११ नोव्हेंबर १९१४ ला जर्मन सैन्यातल्या प्रशियन गार्ड्सचा हल्ला आला तो याच भागात. खंदकाच्या बगलेला आणखी माणसं पाठवा असा इशारा करताना कॉलिन्स जबर जखमी झाला. त्याला आत ओढून आणलं, तासाभरात तो गेला. खंदकातच पुरलं, पण ती जागा पुढे सापडली नाही. रानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला ब्लॅक वॉच कॉर्नर म्हणतात, तिथे सैनिकाचा पुतळा आहे. आत पायवाटा चिखलाच्या असतात, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका, पायानेही हलवू नका. या मातीतून अजून जिवंत तोफगोळे निघतात. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडांखाली त्याआधीच अंधारतं, तेव्हा चारला परत फिरा.