त्यानं हात लावलाच कसा?

माझ्या वर्गमित्राचा पोरगा विहिरीवर शॉक लागून गेला, त्याचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गेल्या हिवाळ्यापासून मला हे सगळेच विचारतात. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, संगमनेर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात. आसपासच्या वस्त्यांवरची जळालेली मोटार जशी माझ्याकडे येते, तसा हा प्रश्नही येतो. "तुम्ही यातले जाणकार. आयटीआय झालेलं पोरगं, करंटमधलं सगळं कळत होतं त्याला. मग त्यानं हात लावलाच कसा?"

दहाव्याला विचारलं, सोसायटीच्या ओट्यावर विचारलं. एकदा त्याच्या वडलांनीही विचारलं. आम्ही दोघं एका वर्गात होतो, पण त्या दिवशी तो माझ्याकडे न बघता बोलत होता.

तर नीट ऐका. त्यानं कुठल्याही तारेला हात लावला नव्हता. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, चढला नव्हता, आकडा टाकला नव्हता, फ्यूज ओढला नव्हता. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीचं दार उघडायला त्यानं कडी धरली, एवढंच. ती कडी आपल्यातला प्रत्येक जण रोज धरतो. त्याचा बाप वीस-पंचवीस वर्षं धरत आला.

डिसेंबर होता. गहू पोटऱ्यात आलेला, कांद्यालाही पाणी हवं होतं. शेतीची लाईट कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. आठ तास, आणि तीही आठवड्यातले काही दिवस दिवसा, बाकीचे रात्री. त्या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रीची पाळी होती. आमच्याकडे बिबट्यामुळे रात्री एकटं कुणी जात नाही, म्हणून तो आणि त्याचा चुलतभाऊ दोघं दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायला, गेले. पाणी चालू होतं. मध्येच लाईट झपकली, मोटार बंद पडली आणि लाईट परत आली. चुलतभाऊ वाफ्यात थांबला, हा मोटार चालू करायला विहिरीकडे गेला. चपला वाफ्याच्या कडेला काढलेल्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले. थंडीच्या रात्री ओल्या रानात चपला घालून कुणी दारं धरत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "अनवाणी कशाला गेला" असंही लोकांनी म्हणून झालंय.

सकाळी मी तिथं होतो. नंतर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातले साहेब आले तेव्हाही होतो. माणूस दगावला की त्यांची चौकशी होते, आणि ते खातं वीज कंपनीचं नसतं, सरकारचं असतं. पेटी लोखंडी, त्या पोराच्या वयापेक्षा जुनी. खालच्या बाजूनं केबल आत घेतलेली. ज्या भोकातून ती घेतात तिथं रबरी वॉशर असायला हवा, तो कधीच गळून गेला असणार. मोटार चालू होताना झटका देते, केबल हलते. वर्षानुवर्षं पत्र्याच्या धारेवर घासून घासून तिचं वरचं कव्हर कापलं गेलं होतं आणि आतली तांब्याची तार पत्र्याला टेकली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. पेटीच करंट झाली होती.

आता अर्थिंग. ते नव्हतं असं नाही. पेटीपासून जीआय तार, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, खाली जमिनीत गेलेली दिसत होती. साहेबांनी ती हलकेच वर ओढली, तर मातीलगत जिथं ओल आणि हवा दोन्ही लागते तिथून अलगद सुटून हातात आली. गंजून पार गेली होती. वरून बघणाऱ्याला अर्थिंग आहे, करंटला मात्र जमिनीकडे जायला वाट नाही. मग ओल्या मातीत उभा असलेला माणूस तीच वाट होतो.

"पण फ्यूज होता की, तो का नाही उडाला?" हाही प्रश्न येतो, आणि तो फार रास्त आहे. फ्यूज मोटारीसाठी असतो, माणसासाठी नसतो. पाच एचपीची मोटार चालताना सात-आठ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून फ्यूजची तारही त्या हिशेबाची घालतात, आणि खरं सांगायचं तर रानात त्याहून जाडच घातलेली असते. माणसाचं काळीज बंद पडायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. त्याच्या अंगातून जे गेलं ते फ्यूजच्या खिजगणतीतही नव्हतं. अर्थिंग धड असतं तर पेटीला तार टेकली त्याच दिवशी मोठा करंट जमिनीत गेला असता, फ्यूज बहुधा उडाला असता आणि बापलेक "फ्यूज का जातोय" म्हणत माझ्या दुकानात आले असते.

कडी धरल्यामुळे तो चिकटला. करंटनं हाताचे स्नायू आवळतात, बोटं उघडत नाहीत. नुसता उलटा हात लागला असता तर कदाचित फेकला गेला असता. त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग होता. अंगावर दुसरं काहीही नव्हतं.

चुलतभावाबद्दलही लोक बोलतात, म्हणून त्याचं सांगतो. त्यानं बॅटरीच्या उजेडात भाऊ पेटीला टेकून उभा असलेला पाहिला आणि हाक मारली. ओ आली नाही. तो धावत गेला, पण त्याला धरलं नाही. आधी डीपीकडे पळून लाईट तोडली आणि मग परत आला. "सख्ख्यासारखा भाऊ, हात लावायला घाबरला" असं बोलणाऱ्यांना मी सांगतो की त्या पोरानं जे केलं तेच बरोबर होतं. एकाला सोडवायला दुसरा धावतो आणि एका घरातून दोन तिरड्या उठतात, हे आपल्याकडे कितीदा झालंय. करंट बंद करायचा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं माणूस बाजूला करायचा. चुकलं असेल तर ते पुढं, आणि ते त्याचं एकट्याचं नाही. वस्तीवरची माणसं जमली, कुणी तळपाय चोळले, कुणी तोंडावर पाणी मारलं, पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. शॉकनं काळजाचा ठोका बिघडतो. त्याच जागी आडवं करून छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहायचं असतं आणि दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा असतो. त्या रात्री हे करून बघायला कुणाला येत नव्हतं. आमच्या गावात ते कुणी शिकवलेलंच नव्हतं.

सरकारी मदतीचंही विचारता, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची जी शेतकरी अपघात योजना आहे, 2023 पासून अनुदानाच्या रूपात, त्यात मृत्यूला 2 लाख मिळतात. विजेचा शॉक त्यात बसतो. खातेदार आणि त्याच्या घरातला आणखी एक जण त्यात धरतात, वय 10 ते 75. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. सातबारा, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, वारसाचा सहा-क उतारा, असे कागद लागतात. सावडणं झालं त्याच संध्याकाळी मी आणि त्याचा मामा ते गोळा करायला बसलो, कारण घरातल्या कुणाला ते सुचणार नव्हतं. जमीन बापाच्या नावावर होती म्हणून पोरगा मुलगा म्हणून त्यात बसला. आजोबांच्याच नावावर राहिली असती तर अडचण झाली असती, कारण नातू त्या यादीत नाही. तुमच्या घरात सातबाऱ्यावर अजून वारलेल्या म्हाताऱ्याचं नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. अशा वेळी तलाठ्याच्या दारात उभं राहायचं त्राण कुणाच्या अंगात नसतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुम्ही वाईट हेतूनं विचारत नाही, हे मला कळतं. त्याची काहीतरी चूक सापडली की आपलं पोरगं ती करणार नाही असं वाटून जरा धीर येतो. पण तो प्रश्न त्या घरात पोचतो. त्याच्या आईनं सहा महिने हेच ऐकलं की तिचा मुलगा बेफिकीर होता. तो बेफिकीर नव्हता. मोटार जळाली की दुकानात येऊन माझ्याशेजारी बसायचा, वाइंडिंगचे वेढे माझ्याबरोबर मोजायचा आणि माझं चुकलं तर हळूच सांगायचा. चोवीस वर्षांचा होता. रात्री लाईट येते म्हणून रात्री गेला, पेटी लोखंडी म्हणून लोखंड धरलं, रान ओलं करायचं म्हणून ओल्यात उभा राहिला.

त्याच्या वडलांना मी हे सगळं पेटीसमोर उभं करून दाखवलं, ती तुटकी तार हातात देऊन. मग त्यांनी विचारायचं सोडलं. आता त्यांच्या विहिरीवर प्लॅस्टिकची पेटी आहे, कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग केलंय आणि करंटची गळती झाली की लाईट तोडणारा ब्रेकर बसवलाय. पावसाळ्यात तो सारखा पडत होता. शेजारच्या दोघांनी सांगितलं, बायपास करून टाका, पाणी तरी चालेल. ते काही बायपास करायला तयार झाले नाहीत, मला फोन केला. पाणबुडी मोटार वर काढून बघितली, तर केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं. जोड नव्यानं करून दिला, आता ब्रेकर पडत नाही.