‘डॉक्टरांनी वापरलेली’ पोलो जीटी शोधताना

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती वाचल्या की वाटतं, पुण्यात गाड्या फक्त डॉक्टरच चालवतात, त्याही रविवारी, देवदर्शनाला. मला हवी होती फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. इथेच चाकणला बनायची. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ एनएम टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये तिला १.० लिटरचं इंजिन आलं, डीएसजी गेला. २०२२ मध्ये भारतातलं पोलोचं उत्पादनच थांबलं. म्हणजे आता मिळेल ती कुणीतरी वापरलेलीच, आणि असली गाडी घेणारा माणूस ती हळू चालवायला घेत नाही, हे मी स्वतःवरूनच ओळखून होतो.

मदतीला आमचे गॅरेजवाले काका होते. त्यांची एकच अट: विकणाऱ्याला आधीच सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे बोलतं, ते नंतर बोलत नाही. इंजिनातल्या साखळीचा खडखडाट, टर्बोतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरलेल्या ऑइलचा निळसर धूर, सगळं त्या पहिल्या मिनिटात कळतं.

पिंपरीतल्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर काकांनी हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गरम. “धुवायला बाहेर काढली होती,” मालक म्हणाला. गाडी मात्र कोरडी आणि धुळकट होती. एअर फिल्टरचा डबा कंपनीचा नाही, बाहेरून बसवलेला, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, मागच्या काचेवर खरवडून काढलेल्या स्टिकरचा डिंक. म्हणजे ईसीयू, इंजिनाचा कॉम्प्युटर, रीमॅप करून ताकद वाढवलेली. मला रीमॅपचं वावडं नाही, पण केलाय हे सांगायला हवं. कारण वाढलेला टॉर्क, चाकं फिरवणारा जोर, शेवटी डीएसजीच्या कोरड्या क्लचांवरच पडतो. शिवाय विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला. काकांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. एरर कोड नोंदवताना या गाड्यांचा कॉम्प्युटर त्या वेळचे किलोमीटरही लिहून ठेवतो. डॅशबोर्डवर होते ५४ हजार आणि गिअरबॉक्सचा एक जुना कोड नोंदवलेला ७८ हजारांना.

“अहो, ही गाडी भविष्यात जाऊन आलीय,” काका म्हणाले. आम्ही चहा न घेता निघालो.

तेव्हापासून आणखी एक शिकलो. स्कॅनरवर एकही कोड नसला म्हणून हुरळून जायचं नाही. आदल्या दिवशी कोड पुसले असतील, तर गाडीच्या आपोआप होणाऱ्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. अशा वेळी दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्कॅन करू का, एवढंच विचारायचं. उत्तरापेक्षा चेहरा बघायचा.

दुसरी गाडी एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची. किंमत इतकी चांगली, की बायको म्हणाली, “यात काहीतरी आहे.” होतंच. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, त्याच सप्टेंबरात पुण्यातला आंबील ओढा, २०२१ चं चिपळूण. या पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या पॉलिश होऊन बाजारात आल्या. आत गुलाबाच्या सेंटचा असा घमघमाट, की लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटावं. काकांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढला. नेहमी आत गुंडाळलेल्या त्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ स्पष्ट होती. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू. “पाणी फक्त चाकांपर्यंत आलं होतं,” मालक म्हणाला. पॉलिसीचे कागद मागितले, तर नो क्लेम बोनस शून्य, म्हणजे क्लेम घेतलेला असणार. नुसतं भिजलेलं इंजिन एक वेळ उघडून नीट करता येतं, पण या गाडीत जिथे तिथे कंट्रोलर आणि कनेक्टर, आणि त्यांच्यात शिरलेला ओलावा दोन पावसाळ्यांनी सुद्धा डोकं वर काढतो. सोडली.

तिसरी कोथरूडला. मालक डॉक्टर नव्हेत, निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी आधी फाइल दिली, मग किल्ली. २०१७ ची गाडी, ६१ हजार किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनुसार लावलेलं, शिवाय एका वहीत पेट्रोलचा हिशेब. (ती वही त्यांनी मला दिली नाही. मी मागितली होती.) तरी बिलांवरचे किलोमीटर आम्ही स्कॅनरशी ताडून पाहिले. जुळले.

रंगाची जाडी मोजणारं मीटर काकांकडे होतं. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. मागच्या डाव्या दाराने २६० दाखवले. मी काही बोलायच्या आत बँकवाले काका म्हणाले, “सोसायटीचं गेट. बिल आहे, पान चौदा.” बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट मात्र अस्पर्श होते. पाना लागला की बोल्टच्या कडेचा रंग उडतो. तो उडालेला नसला, तर समोरून मोठी धडक बसली नसावी. टायरवरचा चार आकडी कोड ३२१८, म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर होती, रबर दगड झालेलं. चार टायरांचे पैसे मनातल्या मनात किमतीतून वजा केले.

मग खरी परीक्षा, गिअरबॉक्सची. या डीएसजीचे दोन्ही क्लच कोरडे, तेलात न बुडालेले. मोकळ्या रस्त्यावर झकास चालतात आणि हिंजवडीच्या रांगेत इंच इंच सरकताना झिजतात. म्हणून टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेण्यात अर्थ नाही. आम्ही संध्याकाळी सहाला कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाचा चढ धरला. ब्रेकवरून पाय काढून नुसतं रांगू दिलं, तासभर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर नाही, चढावर रिव्हर्स टाकताना धक्का नाही, गिअर दाखवणारी अक्षरं लुकलुकली नाहीत. एवढी खटपट अशासाठी, की या गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा भाग, गेला, तर दुरुस्तीचा आकडा लाखाची वेस ओलांडू शकतो. पुढच्या चाकाशी खड्ड्यात टकटक होती. सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझर लिंक, किरकोळ. टर्बो २००० आरपीएमच्या पुढे छान ओढत होता आणि मी हसत होतो. काकांनी मागून खांद्यावर थोपटलं: “भाव व्हायचाय अजून. तोंड सरळ करा.”

सव्वासहा लाखांवरून पाच लाख ७० हजारांवर जमलं.

कागदांचं काम त्या मानाने रटाळ. एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, ते पाहिलं. बोजा होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवरून काढायचं राहिलेलं. बँक अधिकाऱ्याकडून हे व्हावं! त्यांनी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ चं काम उरकेपर्यंत मी फक्त बयाणा दिला. मग मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०. घेणाऱ्याला नाव बदलण्याचा अर्ज करायला ३० दिवस असतात आणि विमा नावावर करून घ्यायला १४, त्यामुळे आधी विमा. त्यांचा ५० टक्के नो क्लेम बोनस मला मिळणार नव्हता. तो गाडीला नसतो, माणसाला असतो. थकलेली ई-चलनं तपासली, एकही नाही. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे ना, तेही पाहिलं.

अर्ज आरटीओत पडून होता, तेव्हाच्या एका रविवारी पहाटे मी गाडी घेऊन एक्स्प्रेसवेने लोणावळ्याला जाऊन आलो. दुपारी बँकवाल्या काकांचा फोन.

“गाडी नीट चालतेय ना?”

“एकदम मस्त, काका.”

“हो, दिसतंय. आत्ताच चलन आलंय माझ्या मोबाइलवर. आठ वर्षांतलं पहिलं.”