एकाच अ‍ॅम्पबद्दल दोन मतं, मग खरं कुणाचं?

तुम्ही हेडफोन अ‍ॅम्पबद्दल, म्हणजे हेडफोनला सिग्नल वाढवून देणाऱ्या पेटीबद्दल, विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न दर वेळी साधारण असाच असतो: "अमुक हेडफोन अ‍ॅम्प घ्यायचा विचार आहे. एक जाणकार म्हणतात आवाज उबदार आणि भरीव आहे, दुसरे तितकेच जाणकार म्हणतात काही विशेष नाही. दोघांचे कान तयार आहेत. मग खरं कुणाचं मानायचं?" नाशिकमध्ये हा शौक असलेले आम्ही मोजके लोक रविवारी गंगापूर रोडला एकाच्या घरी जमतो. तिथे नवा आलेला माणूस चहा संपायच्या आत हेच विचारतो.

माझं उत्तर असं, की बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं, कारण दोघांनी एकच गोष्ट ऐकलेली नसते. अ‍ॅम्प तोच असला तरी कानापर्यंत पोचलेला आवाज वेगळा असतो, आणि तो का वेगळा हे बऱ्याचदा शोधून काढता येतं. मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण कारण न शोधता एकाने दुसऱ्याला बहिरं म्हणायचं आणि दुसऱ्याने पहिल्याला भाबडं ठरवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आमच्यातले दोघे असेच एका अ‍ॅम्पवरून बोलेनासे झाले होते. एक इंदिरानगरचे काका, ज्यांचं आयुष्य शास्त्रीय गाणं ऐकण्यात गेलं. दुसरा कॉलेज रोडचा तरुण, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. छोटा व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प दोघांनी आळीपाळीने घरी नेऊन ऐकला. काका म्हणाले, याचा खर्ज काय गोल येतो, तबल्याचा बायाँ अंगावर येतो. तरुण म्हणाला, काका, फोनच्या जॅकला लावा, तसंच वाजतं, फक्त मोठ्यानं. त्यावर काकांनी त्याचे कान काढले आणि त्याने काकांची श्रद्धा.

मी अंबडला स्विचगिअरच्या टेस्टिंगला होते. तिथे पहिला प्रश्न असतो: लोड काय होता, म्हणजे पुढे काय जोडलं होतं? तोच मी इथे विचारला. काकांकडे सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन, तरुणाकडे प्लेनार, म्हणजे पातळ सपाट पडद्याचा हेडफोन. भांडणाचं मूळ तिथेच होतं.

अ‍ॅम्पच्या आउटपुटला स्वतःचा थोडा इम्पीडन्स (एसी प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) असतो. अ‍ॅम्प जे व्होल्टेज देतो ते या इम्पीडन्समध्ये आणि हेडफोनमध्ये वाटलं जातं. एचडी ६०० वर ३०० ओहम लिहिलेलं असलं तरी ते सगळ्या स्वरांना सारखं नसतं. खालच्या बासमध्ये, जिथे पडदा स्वतःच्या लयीत डोलतो, तिथे ते चढून ५०० च्याही आसपास जातं. आता व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स समजा १०० ओहम आहे. मधल्या स्वरांना हेडफोनच्या वाट्याला चारातले तीन भाग येतात, तर बासला सहातले पाच. हिशेब केला तर बास जवळजवळ १ डेसिबलने वर उचलला जातो. एकाच पट्टीतला नाही, रुंद पट्ट्यातला १ डेसिबल. तो ऐकू येतो, आणि ज्याने जन्मभर बायाँ ऐकला त्याला तर येतोच. प्लेनारचा इम्पीडन्स मात्र खालपासून वरपर्यंत जवळजवळ सपाट असतो. तिथे हाच अ‍ॅम्प सगळे स्वर सारखेच कमी करतो, म्हणजे स्वरांचा तोल जसाच्या तसा राहतो. काकांनी जे ऐकलं ते होतं, आणि तरुणाला जे ऐकू आलं नाही ते त्याच्याकडे नव्हतंच.

कानात घालायच्या बॅलन्स्ड आर्मेचर (आत छोटी डोलती पत्री असलेल्या) इअरफोनला हे आणखी तीव्र होतं. इम्पीडन्स एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला ६० ओहम असेल, तर नुसत्या १० ओहमच्या आउटपुटवर साडेचार डेसिबलहून जास्त फरक पडतो. तेवढ्यात हेडफोनचा स्वभावच बदलतो. हा गोंधळ काही अंशी कागदावरूनच आलेला आहे. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या स्रोताला, म्हणजे अ‍ॅम्पसारख्या उपकरणाला, १२० ओहमचा आउटपुट इम्पीडन्स सुचवलेला होता. २०११ मध्ये 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाच्या एका डिझायनरने 'ओ२' नावाचा स्वस्त अ‍ॅम्प आराखड्यासकट सगळ्यांसाठी खुला केला. त्याचा आउटपुट इम्पीडन्स अर्ध्या ओहमच्या जवळपास होता, आणि स्रोताचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी हवा हा आग्रह त्याने ठामपणे मांडला. पुढे तो माणूस गप्प झाला. त्याचा अ‍ॅम्प अजून बनतो.

दुसरं कारण व्हॉल्यूम, आणि माझ्या मते भांडणांचा सगळ्यात मोठा वाटा याच्याकडे जातो. अर्ध्या डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही. तो 'जास्त खुला', 'जास्त जिवंत' असा जाणवतो. त्यातून आवाज वाढला की कानाला बास अधिक भरतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं आहे. दोन अ‍ॅम्पची नॉब एकाच आकड्यावर ठेवणं म्हणजे आवाज सारखा करणं नव्हे, कारण प्रत्येकाचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वेगळा. त्यासाठी मल्टीमीटरच हवा. ४०० हर्ट्झचा सूर लावा, हेडफोन जोडलेलाच ठेवा आणि आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा. ४०० का, तर साध्या मीटरची एसी रेंज साधारण तेवढ्यापर्यंतच भरवशाची असते. १००० हर्ट्झला स्वस्त मीटर काहीही दाखवू शकतो. दोन्ही आकडे १ टक्क्याच्या आत आले की फरक ०.१ डेसिबलहून कमी उरतो. आमच्याकडे एवढं केल्यावर अर्धी भांडणं तिथेच मिटतात, आणि कुणाला हार मानावी लागत नाही.

तिसरं कारण डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये स्पीकरचा एक प्रयोग मांडला. ऐकणारे हार्मन या ऑडिओ कंपनीचेच लोक होते. स्पीकर समोर दिसत असताना त्यांनी मोठ्या, देखण्या स्पीकरना चढे गुण दिले. पडद्याआड तेच स्पीकर वाजवल्यावर गुणांतलं अंतर आकसलं. अनुभवी कानही यातून सुटले नाहीत. हा प्रयोग अ‍ॅम्पचा नव्हे. अ‍ॅम्पमधले फरक त्याहून कितीतरी बारीक असतात, म्हणून तिथे डोळ्यांचं वजन वाढतंच. असं ऐकणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याला आलेला आनंद खरा असतो, फक्त त्याचं कारण अ‍ॅम्पच्या सर्किटमध्ये असेलच असं नाही.

यावर मोजमापवाले खूश होतात, म्हणून त्यांनाही सांगायला हवं. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या डिझायनरने अमेरिकेतल्या 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा महागडा अ‍ॅम्प द्या, माझा स्वस्त ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प मी त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचा दिला. दोन्हींचे आउटपुट एकमेकांतून वजा करत, उरलेला फरक मिटेपर्यंत तो आपल्या अ‍ॅम्पमध्ये बदल करत राहिला. शेवटी संपादकांना दोन्हींत फरक करता आला नाही. ही गोष्ट लोक 'सगळे अ‍ॅम्प सारखेच' हे सिद्ध करायला सांगतात. मला ती नेमकी उलटी वाटते. बदल करण्याआधी ते दोन अ‍ॅम्प वेगळे होते, त्या वेगळेपणाला पकडता येणारं कारण होतं, आणि संपादकांच्या कानांनी ते वेगळेपण आधी ओळखलं होतं.

शिवाय मोजणारा बहुतेक वेळा हेडफोनऐवजी साधा रेझिस्टर जोडून मोजतो. तिथे काटेकोर ठरलेला अ‍ॅम्प संवेदनशील इअरफोनला सूंऽऽ असा आवाज देऊ शकतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात अर्थिंग धड नसेल तर ५० हर्ट्झची घरघर तानपुऱ्याच्या खर्जात मिसळते, ती कुठल्याच आलेखात नसते. आणि व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या साध्या पॉटचे (पोटेन्शिओमीटरचे) डावे-उजवे ट्रॅक नॉबच्या सुरुवातीला जुळत नाहीत. मोजणारा नॉब पुढे नेऊन मोजतो, ऐकणारा रात्री अगदी हळू ऐकतो. हे तपासायला काकांनीच युक्ती दिली. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये आपल्या नाशिकला जन्मले. १९५५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या ७८ च्या तबकड्या मोनो. दोन्ही कानांत तंतोतंत एकच सिग्नल. गाणं डोक्याच्या बरोबर मधोमध उभं राहिलं पाहिजे. हळू आवाजात बुवा डावीकडे सरकले, तर पॉट जुळत नाही. त्या तरुणाने मग ते मोजलं आणि खरंच दीड डेसिबलचा फरक निघाला. त्यानंतर ते दोघे पुन्हा बोलायला लागले, अजूनही वाद घालतात, पण आता मीटर मध्ये ठेवून.

तेव्हा रिव्ह्यू वाचायचे का? जरूर वाचा. कानाने लिहिलेले आधी वाचा, कारण काय शोधायचं ते तिथेच कळतं. पण लिहिणाऱ्याने हेडफोन कुठला, किती हळू वा मोठ्याने ऐकलं, तुलना कशाशी आणि आवाज जुळवून केली का, हे सांगितलं नसेल तर 'उबदार' आणि 'कोरडा' हे दोन्ही शब्द बाजूला ठेवा. हे सगळं सांगून कुणी म्हणालं की याचा तार षड्ज टोचतो, तर मी ते गांभीर्याने घेते, आलेख काहीही म्हणो. निदान त्याच हेडफोनवर तेच ऐकून बघते.

तुमच्या अ‍ॅम्पबद्दल मात्र मी आत्ता काही सांगणार नाही, कारण हेडफोन कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. मॉडेल कळवा आणि अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात आउटपुट इम्पीडन्स दिलाय का तेवढं पाहून ठेवा. दिला नसेल तर रविवारी अ‍ॅम्पच घेऊन या. एक रेझिस्टर लावून पाच मिनिटांत मोजता येतो.