काकांच्या डोक्यातलं सगळ्यांना मिळावं म्हणून: माझा अनुभव

आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात भट्टी सांभाळणारे काका गेल्या वर्षी एप्रिलमध्ये निवृत्त झाले आणि जुलैमध्ये आमचे दोन ट्रान्सफॉर्मर पुन्हा उघडावे लागले. टाकीत बसवून, ऑइल भरून झाल्यावर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, मारला, तर इन्सुलेशनचं रीडिंग पार खाली. आतला कागद ओलाच राहिला होता. ऑइल उपसा, जॉब, म्हणजे आतला लोखंडी कोअर आणि कॉइल, बाहेर काढा, परत भट्टीत सुकवायला घाला. चार दिवस त्यात गेले आणि ग्राहकाचे फोन वेगळेच. पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट असते की उघडा कागद बघता बघता ओल धरतो. काकांनी असे कितीतरी पावसाळे सांभाळले होते.

मी मकरपुऱ्याच्या या कारखान्यात क्वालिटीला आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम आहे. कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, ते जपा आणि ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवा, असं ते सांगतं. ऑडिटच्या वेळी आम्ही प्रोसिजरच्या फायली पुढे करायचो. सुकवणीबद्दल त्या फायलीत एकच ओळ होती: ‘रीडिंग समाधानकारक येईपर्यंत भट्टीत ठेवावे.’ समाधानकारक म्हणजे काय, ते काकांना ठाऊक होतं आणि काका घरी होते.

काकांसारख्यांच्या डोक्यातलं लिहून काढायचं काम शेठनी माझ्याकडे दिलं. मी चौदा रकान्यांचा एक तक्ता केला, सगळ्या खात्यांना पाठवला आणि पंधरा दिवसांत भरून मागितला. भरून आलं ते असं: ‘काळजीपूर्वक काम करावे’, ‘अनुभवानुसार ठरवावे’. लोक अंग चोरतायत असं वाटून मी चिडले. पण त्यांनी काही लपवलं नव्हतं. मायकेल पोलान्यी या विचारवंतांनी १९६६ मध्ये मांडलं होतं की माणसाला सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. हे मी वाचलेलं होतं, तरी तक्ता पाठवला. हाताला कळतं ते रकान्यात उतरत नाही, हे मला दांडिया बाजारात काकांच्या घरी बसल्यावर खरं समजलं.

पहिल्या भेटीत मी विचारलं, “काका, सुकवणी नक्की कशी करायची?”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे गं? रीडिंग बघायचं, झालं.”

अर्धा तास बसले, काकूंनी चहा दिला, वही कोरीच राहिली. पुढच्या रविवारी त्या दोनपैकी एका नापास जॉबची रीडिंगची शीट बरोबर नेली. काकांनी चष्मा लावला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले.

“यानं इथे काढला ना बाहेर? अगं, हा तर गार असतानाचा आकडा आहे. गार जॉब चांगलंच रीडिंग दाखवणार.”

मग ते तासभर बोलत होते. जॉब तापायला लागला की रीडिंग पडतं. साधारण दर १० अंशांना निम्मं होतं. नवीन माणूस तिथे घाबरतो. कागदातलं पाणी निघत असतं तोवर ते खालीच राहतं. पाणी संपत आलं की त्याच तापमानाला ते चढू लागतं आणि चढून एका जागी टिकतं. ते टिकणं बघायचं, नुसता आकडा बघायचा नाही. आणि पावसाळ्यात टाकी, झाकण, गॅस्केट, ऑइल सगळं हाताशी असल्याशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाही. जेवणाची सुट्टी जवळ आली असेल तर मुळीच नाही. यातलं एक अक्षरही आमच्या फायलीत नव्हतं.

काकांना विचारून मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. त्यानंतर मी कोणाकडेही मोकळ्या हातानं गेले नाही. जळालेली कॉइल, गळणारं गॅस्केट, नापास झालेलं टेस्ट सर्टिफिकेट, काहीतरी नेऊन समोर ठेवायचं आणि विचारायचं, इथे काय चुकलं? माणसं भरभरून बोलतात.

हे सगळं लिहून ठेवायच्या सॉफ्टवेअरला फार वेळ गेला नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी फुकट मिळतं. आयटीच्या मुलानं ऑफिसमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर ते बसवून दिलं. नियम ठेवले ते असे: एका पानावर एकच प्रश्न, आणि तो प्रश्नच पानाचं नाव. ‘सुकवणी प्रक्रिया’ नव्हे, ‘जॉब सुकला हे कसं ओळखायचं?’ पानाच्या खाली सांभाळणाऱ्याचं नाव आणि ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख.

अडलं ते भाषेवर. पानं होती, पण शोधून सापडत नव्हती. वाइंडिंगवरचे गुजराती कारागीर ‘आंटा’ शोधत, काकांच्या तोंडी ‘वेढे’, ड्रॉइंगवर ‘टर्न’. बिहारहून आलेली मुलं आणखी काही टाइप करत. पहिल्या महिन्यात कितीतरी जणांनी एकदा शोधलं, काही मिळालं नाही, आणि परत फिरकले नाहीत. आपल्याच गावात हे काम आधी होऊन गेलंय, ते मला तेव्हा आठवलं. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश करवून घेतला होता, तो १९३१ मध्ये छापला गेला. गुजराती रयत, मराठी दरबार, इंग्रजी कागद. शब्द जुळवल्याशिवाय कारभार चालणार कसा? आणि १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयं उभी केली, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. वाचणाऱ्यानं शहरातल्या मांडवीच्या ग्रंथालयापर्यंत यावं अशी अट घातली नाही. हे आठवलं आणि माझे दोन आठवडे मार्गी लागले.

मी शॉपवर उभी राहून शब्द गोळा केले. कोण कशाला काय म्हणतो ते लिहून घेतलं आणि प्रत्येक शब्द योग्य पानाकडे वळवला. भट्टीवर, वाइंडिंग मशीनवर, टेस्ट बेंचवर क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की त्या जागेचीच पानं उघडतात. काकांचं बोलणं त्यांच्याच आवाजात दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत ठेवलं, कारण कितीतरी जणांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं.

मधे वरून सूचना आली की पान लिहिणाऱ्याला पॉइंट द्या, महिन्याला बक्षीस द्या. दिलं. इंटरनेटवरून उचललेल्या पानांचा ढीग झाला. बक्षीस बंद केलं, ती पानं पुसली. त्याऐवजी सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिली दहा मिनिटं ठेवली: मागच्या आठवड्यात काय अडलं आणि कोणी सोडवलं? ज्यानं सोडवलं तो बोलतो, मी टाइप करते. लिहिण्याचा बोजा कारागिरावर टाकायचा नाही, यावर मी शेठशी भांडलेसुद्धा.

यंदाच्या पावसाळ्यात सुकवणीसाठी एकही जॉब परत उघडावा लागला नाही. पण मला जास्त आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. गेल्या वर्षी ज्याच्या हातून तो जॉब लवकर निघाला होता, तोच मुलगा माझ्याकडे आला. “बेन, काकांच्या पानात एक वाढवायचंय. रीडिंग घेताना जोडायची लीडची वायरसुद्धा कोरडी पुसलेली पाहिजे, नाहीतर रीडिंग खोटं येतं.” मी काकांना फोन करून विचारलं.

“बरोबर आहे त्याचं,” काका म्हणाले. “हे मी करायचो, पण तुला सांगायचं सुचलंच नाही. त्याचं नाव घाल तिथे.”

घातलं. आता मार्चमध्ये टेस्टिंगचे भाई निवृत्त होतायत. नुसत्या आवाजावरून कोअर सैल आहे का ते ओळखतात. त्यांच्यासाठी मी तीन जुने जॉब बाजूला काढून ठेवलेत, सोमवारपासून त्यांच्या शेजारी खुर्ची टाकतेय.