‘नग’ म्हणजे नेमके किती?

आम्ही १२ नग मागवले आणि दारात १२ खोकी येऊन पडली. एका खोक्यात २४, म्हणजे एकूण २८८ नग. ऑर्डर ई-मेलने पीडीएफमध्ये गेली होती. पुरवठादाराकडच्या माणसाने ती वाचून पुन्हा टाइप केली, आणि त्यांच्या सिस्टीममध्ये त्या मालाचं एकक खोकं होतं. त्याला दोष तरी कसा द्यायचा? आमच्या ऑर्डरवर एककाचा रकानाच नव्हता. त्यानंतर ईडीआयचं, म्हणजे ऑर्डरी-बिलं एका संगणकातून थेट दुसऱ्या संगणकात पाठवण्याचं, काम माझ्याकडे आलं.

मला वाटलं, फॉरमॅट ठरला की झालं. यूएन/एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय मानकात खरेदीच्या ऑर्डरला ‘ऑर्डर्स’, माल निघाल्याच्या सूचनेला ‘डेसॅडव्ह’, बिलाला ‘इन्व्हॉइक’ असे संदेश ठरलेलेच आहेत. एका ग्राहकाला यूबीएल या दुसऱ्या मानकातली एक्सएमएल फाइल हवी होती, तीही जमली. मॅपिंग, म्हणजे आमचे रकाने संदेशातल्या रकान्यांशी जुळवणं, तीन आठवड्यांत उरकलं. आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी, साफ करायला मात्र पाच महिने लागले.

एकच स्क्रू चार कोडांखाली नोंदलेला. एककाच्या रकान्यात कुठे ‘नग’, कुठे ‘नं.’, कुठे ‘पीस’, कुठे नुसता ठिपका. आम्ही यूएन/ईसीई या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या शिफारस क्रमांक २० मधले कोड घेतले: किलोला केजीएम, लिटरला एलटीआर, नगाला सी६२. ‘सी६२’ बघून गोदामातली माणसं वैतागली, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग त्यांच्या पडद्यावर ‘नग’च ठेवलं, कोड फक्त बाहेर जाणाऱ्या संदेशात.

२८८ चा घोळ खऱ्या अर्थाने मिटला तो जीटीआयएनमुळे, म्हणजे मालाच्या जागतिक ओळख क्रमांकामुळे. हे क्रमांक ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या नियमानुसार सुट्या नगाचा क्रमांक वेगळा आणि २४ च्या खोक्याचा वेगळा. पण चाचणीत निम्म्या ओळी ‘आयटम सापडत नाही’ म्हणून परत आल्या. तपासणी अंक, म्हणजे क्रमांक चुकला का ते ओळखायचा शेवटचा अंक, तर सगळ्यांचे बरोबर! दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, एक्सेलने १४ अंकी क्रमांकांची सुरुवातीची शून्यं गिळली होती. तपासणी अंक काढताना उजवीकडून एकाआड एक ३ आणि १ ने गुणतात, त्यामुळे डावीकडची शून्यं गेली तरी उत्तर तेच येतं. तेव्हापासून हा रकाना आमच्याकडे मजकूर म्हणूनच साठवतो. तारखांचंही तसंच: ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हा वाद आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा आठ अंकांनी संपवला.

एका छोट्या पुरवठादाराला ईडीआयचं सॉफ्टवेअर परवडणारं नव्हतं. त्याला वगळायला मी साफ नकार दिला. त्याच्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारा एक साधा फॉर्म केला; तो भरला की आमच्याकडे तोच ‘डेसॅडव्ह’ तयार होतो. पहिल्यांदा फॉर्म भरताना त्याने फोन करून विचारलं, “साहेब, इथे खोकी लिहू की नग?”